उभं वल्हं

ती टॉर्च बंद कर, सार्थक. डोळ्यांना अंधाराची सवय होऊ दे. आणि सृष्टी, तू हसू नकोस. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतली तो गोरक्ष माझ्या चुलतभावाचा पोरगा. आजही घोटीत राहतो. जाऊन विचारा, बोलला तर बोलला.

काम तसं साधं होतं. दोन वर्षांमागची गोष्ट, पितृपक्षातली दशमी, शुक्रवारची संध्याकाळ. धरण तुडुंब भरलेलं, दरवाजे थोडे उचललेले. पाणी सोडलं की आपली दारणा कशी होते ते आज तुम्ही पाहिलंच. नदी एकच, पण तिच्यात सगळी शाळा. बंधाऱ्यापाशी जे संथ पाणी आहे ती बालवाडी. तुमच्यासारख्यांनी तिथं उलटून नाकातोंडात पाणी घ्यायचं. त्याच्या वर खळखळतं ते हायस्कूल. आणि धरणाच्या पायथ्याची घळ म्हणजे कॉलेज. तिथं गोरक्षसुद्धा नारळ फोडल्याशिवाय उतरत नसे. ही नावं त्यानंच ठेवलेली. पोरांना कयाकची चिंचोळी होडी वल्हवायला शिकवता शिकवता निम्मा मास्तर झाला होता तो.

त्या संध्याकाळी दोन कयाक वर, हायस्कूलच्या डोक्याशी राहिल्या होत्या. त्या खाली बंधाऱ्यावर आणायच्या, एवढंच काम. नेमकं पिकअपचं चाक बसलं. गोरक्षनं भाचीला हाक मारली.

"साक्षे, चल. गाडीची वाट बघत बसलो तर लय रात्र व्हईल. पाण्यानंच आणू."

"अंधार पडतोय ना मामा."

"घरची नदी हाय. तिला काय घाबरायचं?"

तिथंच चुकलं. घरच्या नदीलाच जास्त घाबरावं. पण हे आता आपण शेकत बसून बोलतोय.

साक्षी म्हणजे गोरक्षच्या थोरल्या बहिणीची, मैनाची, एकुलती एक लेक. नांदगावहून कॉलेजच्या शिक्षणासाठी आली आणि मामाकडेच राहिली. पाण्यात नुसती मासोळी. मैनानं पोरगी सोपवताना भावाला सांगितलं होतं, "हिच्या केसाला धक्का लागला तर मला तोंड दाखवू नको." गमतीत म्हणाली होती. पण बहिणींची गंमत किती खरी असते ते भावाला कळतं.

आता एक नियम समजून घ्या, गोष्ट त्याच्यावरच आहे. खळाळत्या पाण्यापुढं माणसाचा आवाज चालत नाही. म्हणून वल्ह्याची खूण. पुढं गेलेला माणूस वाट बघून येतो आणि डोक्यावर वल्हं धरतो. आडवं धरलं, थांब. उभं धरलं, ये. मागच्यानंही तशीच खूण करायची, म्हणजे कळलं. गोरक्ष हे पोरांच्या डोक्यात ठोकून ठोकून भरायचा. "वल्हं उभं दिसलं की यायचं. कोण धरतंय, का धरतंय, इचारत बसायचं नाय. इचारायला पाणी थांबत नसतं."

दोघं निघाले. दिवस बुडालेला, पण आभाळात थोडा उजेड होता. जांभळीच्या वळणाआधी एक मोठा खडक आहे, त्याच्याआड पाणी संथ असतं. साक्षीला तिथं थांबवून गोरक्ष वाट बघायला पुढं झाला.

वळला, आणि समोर बघतो तर काय.

सकाळपर्यंत उभी असलेली जांभळ मुळासकट पाण्यात आडवी पडली होती. खडक माणसाला बाजूला तरी फेकतो रे. झाड फेकत नाही. पाणी फांद्यांतून निघून जातं, माणूस तिथंच राहतो. गोरक्षनं जिवाच्या आकांतानं वल्हं मारलं आणि कसाबसा काठ धरला. वर चढला, साक्षीला दिसेल अशा दगडावर उभा राहिला. वल्हं डोक्यावर आडवं धरलं.

थांब.

तिनं पाहिलं. तिनंही वल्हं आडवं धरलं. कळलं.

गोरक्षचा जीव भांड्यात पडला. पोरीला तिथूनच काठाला घ्यावं म्हणून तो दोराची पिशवी काढायला खाली वाकला.

वर पाहिलं तर साक्षी त्याच्याकडे बघत नव्हती. पलीकडच्या काठाकडे बघत होती.

तिथं कोणीतरी उभं होतं.

लहानसं, पोराएवढं. डोक्यावर हेल्मेट नाही, अंगात जॅकेट नाही. हातात वल्हं, त्याच्या स्वतःपेक्षा उंच. आणि ते वल्हं... उभं.

गोरक्ष ओरडला. त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही. शिट्टी फुंकली. पाण्यानं गिळली. वल्हं आडवं धरून वरखाली नाचवलं, दगडावर उड्या मारल्या.

साक्षीनं आपलं वल्हं उभं केलं.

आले.

आणि खडकाआडून ती सुटली.

काय करणार होता तो? कयाक पाण्यात टाकली तर तोही त्याच झाडात. दोर फेकला... हातभर कमी पडला. ओढला, पुन्हा फेकला... फांदीत अडकला. सुटेना. साक्षी झाडावर जाऊन आदळली. छातीपर्यंत पाणी. मग गळ्यापर्यंत. एका हातानं फांदी धरलेली. तिचं तोंड मात्र पलीकडं. तिकडंच बघून ती हाका मारत होती. ओठ दिसत होते नुसते.

मामा... मामा...

मामा इकडं होता.

मग कयाक उलटली. फांदी हलली. आणि तिथं काहीच उरलं नाही.

पलीकडच्या काठावरही नाही.

...

लाकूड टाक रे जरा.

गोरक्ष काठानं पळत सुटला. काटे, चिखल, अंधार. किती वेळा पडला त्यालाच ठाऊक नाही. पोरगी सापडली ती खाली बालवाडीच्या वाळूवर. जिवंत. उजवा हात खांद्यातून निखळलेला, दातखिळी बसलेली. त्यानं तिला उराशी धरलं आणि लहान पोरासारखा रडला. दातखिळी सुटल्यावर ती बोलली.

"मामा, तू पलीकडं कसा गेलास?"

"मी कुठं गेलो, बाई?"

"आधी इकडून आडवं धरलंस. मग पलीकडं जाऊन उभं धरलंस. तूच तर होतास. मी चेहरा बघितला."

दारणा त्या पाण्यात ओलांडायची कोणाची छाती नाही. पण हे सांगणार कोणाला? मैना दवाखान्यात आली, लेकीचं ऐकलं आणि भावाला एवढंच म्हणाली, "माझी पोरगी खोटं बोलत नाय." खोटं ती बोलत नव्हतीच. गोरक्षही खोटं बोलत नव्हता. दोन भाऊबिजा झाल्या, मैनाचं ताट त्याच्यासमोर आलेलं नाही. अख्खं गाव म्हणतं, अंधारात गोरक्षनं चुकीची खूण केली. वाद घालायचं त्यानं सोडून दिलंय.

साक्षीची कयाक तिसऱ्या दिवशी सापडली, बंधाऱ्याखालच्या लव्हाळ्यात. सुलटी, काठाला ओढून ठेवल्यासारखी. गोरक्षनं ती घरी आणली आणि धुवायला घेतली. आतला गाळ काढावा म्हणून नाकाडापर्यंत हात घातला.

आत पाय टेकवायच्या दोन पट्ट्या असतात. ज्यानं त्यानं आपल्या पायाच्या मापानं त्या मागंपुढं करायच्या. आत हात घालून खटका दाबल्याशिवाय त्या हलत नाहीत. नदीनं कितीही आपटलं तरी नाही. साक्षी मामापेक्षाही उंच. तिच्या पट्ट्या पार शेवटच्या खाचेत असायच्या.

त्या पहिल्या खाचेत होत्या. दोन्ही बाजूंनी सारख्या, खटका नीट बसवलेला. आठ-नऊ वर्षांच्या पोराचे पाय टेकतील, इतक्या जवळ.