तिसाव्या लेव्हलचं झाड

तुम्ही खोटारडे आहात. होय, तुम्हीच... हा गेम बनवणारे. सुरुवातीलाच लिहिता, 'तुमचं जग, तुमची मर्जी.' आणि तिसाव्या लेव्हलला काय सांगता? देवळामागचं जुनं झाड तोडा. तोडलं की एका झटक्यात एकतिसावी. नाही तोडलं तर बसा मासे धरत, पाला गोळा करत, कणाकणानं वाढत. ही कसली मर्जी?

मी डोंगरातल्या आहुपे गावची. आमच्याकडे देवराईतली वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी नेत नाही. पडद्यावरचं झाड खरं नसतं, हे मलाही कळतं. घोडेगावात मेडिकलच्या दुकानात काम करते मी, खुळी नाही. पण कुऱ्हाडीच्या बटणाकडे बोट गेलं की आपोआप मागं यायचं.

म्हणून मासे धरत बसले. एकटी.

आधी गटातही खेळून पाहिलं होतं. माइकवर मुलीचा आवाज ऐकला की निम्मे म्हणायचे, 'नंबर दे.' उरलेले म्हणायचे, 'तू मागं थांब, आम्ही मारतो.' हे दुसरे जास्त डोक्यात जायचे. आणि घरी येणारी स्थळं? त्यांचीही तीच भाषा. 'नोकरी चालेल हो, पण तो मोबाइलचा नाद सोडावा लागेल.' चहाचा कप खाली ठेवायच्या आत माझ्या आयुष्यातून काय काढायचं ते यांचं ठरलेलं! तेव्हा मीही ठरवलं, माझी वाट कुणी साफ करून द्यायची नाही.

एका दुपारी बाहेर भुरभुर चालली होती. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी गेममध्ये ओढ्याकाठी बसले होते, डोक्यावर माझं नाव, मोहिनी; तेवढ्यात सोन्याचं चिलखत घातलेला एक गडी झाडाखाली येऊन थांबला. डोक्यावर नाव झळकत होतं : आळेफाटा किंग. लेव्हल बहात्तर.

'काय राव, अडकलात काय?' चॅटवर अक्षरं उमटली.

'नाही.'

'एक घाव, विषय कट. मी तोडून देऊ?'

'हात लावून तर बघ.'

'काय करशील? तू तीस, मी बहात्तर.'

'शिव्या देईन. त्यात माझी लेव्हल शंभर आहे.'

मग हळूच एक ओळ आली... 'आहुप्याकडची का तू?'

मी दचकले. 'कशावरून?'

'आमच्या गॅरेजात भगवंत म्हणून तुझ्याकडचा फिटर हाये. देवळाजवळ गाडी बंद पडली, तर टायरखाली लावायला तिथलं लाकूड उचलत न्हाई. लांबून दगड आणतो. आमी लई हसायचो त्याला.'

'आता?'

गडी निघून गेला. गेला तर गेला, म्हटलं... पण दुपारभर मन त्या झाडाखालीच घुटमळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी झाडाखाली एक अनवाणी, फाटक्या सदऱ्यातलं पात्र उभं होतं. लेव्हल एक. नाव : गोरख.

'इथवर येताना लांडग्यांनी चारदा मारलं,' त्यानं लिहिलं. 'मासं कसं धरायचं ते दाव.'

'किंग कुठाय?'

'त्यानं त्याच्या वाट्याचं हे झाड कवाच तोडलंय. मग म्हटलं, त्याला घेऊन तुझ्याजवळ कसं बसायचं? पुसून टाकला.'

बहात्तर लेव्हल! दोन वर्षांची तरी मेहनत! मी दुकानात एकटीच खुदकन हसले. खोकल्याचं औषध मागायला आलेली साळुबाई म्हणाली, "मी खोकतीय आन तू हसतीस व्हय गं?"

मग रोज दुपारी आम्ही ओढ्यावर भेटायला लागलो. तो पलीकडच्या काठावर, मी अलीकडे. माझ्यावर लांडगा आला तरी तो मध्ये पडायचा नाही. फक्त लिहायचा, 'डावीकडं बघ.' मी एकतिसावी गाठली तेव्हा लिहिलं, 'लई भारी, राव.' नंबर मागितलाच नाही. शेवटी चिडून मीच दिला.

श्रावणात तो आहुप्याला आला. भातखाचरं हिरवीगार, डोंगरावर धुकं, आणि मोटारसायकलवर नखशिखांत भिजलेला, या कानापासून त्या कानापर्यंत हसणारा गोरख. नखांत ग्रीसची काळी कड. नजर मात्र... माझ्यावर टेकली आणि लगेच धुक्यात पळाली.

माझी आई, कुशाबाई, आम्हाला देवराई दाखवायला निघाली. माझ्यावर विश्वास म्हणून नाही, पाळत म्हणून. वाट निसरडी. गोरख दोनदा घसरला. मी हात पुढं केला, त्यानं तो धरला, आई खोकली, त्यानं सोडला. परतून राईच्या बाहेर आलो, तर त्याच्या हातात टेकायला काठी!

"पावणं, ती कुठली वं?" आईचा आवाज चढला.

गोरखचा चेहरा उतरला. "मावशी... वाटंत पडली व्हती. ध्यानात न्हाई आलं."

"आहे तिथं ठेवून या."

मला वाटलं, हसून टाकून देईल बांधावर. नाही. एकटाच माघारी गेला, घसरत, सावरत. आला तेव्हा कोपरापासून चिखल.

"तिथंच ठेवली?" मी विचारलं.

"तिथंच. दोन दगडांच्या मधी. पुन्हा घसरलो, पण ठेवली."

घरी आल्यावर आईनं भाकरीची आणखी एक चवड टोपल्यात टाकली. आमच्या घरात याला पसंती म्हणतात.

निघताना त्यानं गाडीवर मांड टाकली. ओठ हलले... "मोहिनी, आपलं... म्हंजे मी काय म्हणत व्हतो..." आणि हँडलवरचा चिखल खरवडायला लागला. बहात्तर लेव्हल पुसणारा मर्द एका वाक्याला घाबरला!

मग मीच पुढं झाले. गाडीची किल्ली काढून मुठीत धरली.

"ऐक, गोरख. मला तू आवडतोस. लग्न करायचं तर तुझ्याशी. पण तुझ्या घरी आले तरी मी खेळणार, एकटी खेळणार. माझ्या हळूपणाला कुणी हसायचं नाही. तू शेजारी हवास, पुढं नको. तुझ्या आईसमोरही हे तूच सांगायचं, माझ्या आडून नाही. जमणार? मान हलवू नकोस, तोंडानं बोल. हो की नाही?"