अडलेला चुडा

"हर्षाली, मूठ सैल सोड गं... जाईल, जाईल!" मधुमतीबाई साबण लावलेली हिरवी बांगडी पुन्हा दाबत होत्या आणि त्यांच्या धाकट्या सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मागच्याच महिन्यात माप देऊन आणलेला चुडा बोटांच्या पेरांपाशी अडत होता. मानसरोवर वसाहतीतल्या त्या फ्लॅटमध्ये डोहाळजेवणाला जमलेल्या बायका हसत होत्या. "हात भरलेत पोरीचे, बाळ गुटगुटीत होणार!" कुणीतरी म्हणालं.

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या सुवर्णाच्या काळजात मात्र चर्र झालं. ती थोरली सून, पण ओटी भरायला तिला कुणी बोलावलं नव्हतं. जिचं बाळ पोटातच गेलं तिचा हात शुभकार्याला नको, हा सासूबाईंचा नियम तिनं इतकी वर्षं निमूटपणे पाळला होता. पण ते सुजलेले हात... असेच तर तिचेही सुजले होते!

ती पुढे आली. "हर्षाली, डोकं दुखतंय का?"

"सकाळपासून ठणकतंय, ताई. डोळ्यांपुढे काजवे चमकतात."

"आई, हिला आत्ताच दवाखान्यात न्यायला हवं. ओटी मागाहून भरू."

"सुवर्णा!" मधुमतीबाई ताडकन म्हणाल्या, "तुझी ओटी रिकामी राहिली म्हणून हिचीही अर्ध्यावर मोडतेस?"

शब्द जिव्हारी लागला, पण सुवर्णाला आज रडायला सवड नव्हती. तिनं हर्षालीच्या पायांत चपला सरकवल्या आणि हाताला धरून तिला खाली नेलं.

हर्षालीची दरमहा तपासणी व्हायची ते सरकारी आरोग्य केंद्र जवळच होतं. तिथे बायकांची ही रांग लागलेली आणि नर्स एकटी.

"सूजन तो सबको आती है, दीदी. गोली लेती रहो," तिनं वर न बघताच सांगितलं.

"बीपी देख लीजिए, सिस्टरजी."

"मशीन के सेल खत्म हैं. पिछली बार नॉर्मल ही होगा ना."

"मागच्या खेपेला पट्टा बांधलाच नव्हता, ताई," हर्षाली हळूच म्हणाली. "वजन केलं, गोळ्या दिल्या, झालं."

सुवर्णानं आवाज चढवला नाही. समोरच्या दुकानातून सेल आणून तिनं टेबलावर ठेवले. "अब देख लीजिए. हम यहीं बैठे हैं."

नर्सनं नाइलाजानं पट्टा बांधला. आकडा पाहिला, पुन्हा मोजला आणि ती डॉक्टरांना हाका मारत धावली. थोड्याच वेळात हर्षालीला ॲम्ब्युलन्समधून मोठ्या इस्पितळात हलवलं. आणखी उशीर झाला असता तर दोघंही हाती लागली नसती, असं तिथल्या डॉक्टरांनी मधुमतीबाईंना स्पष्टच सांगितलं.

पुढचे कितीतरी दिवस इस्पितळातच गेले. आठवा संपता संपता मुलगी झाली... एवढीशी, पण रडली मात्र खणखणीत! बाळबाळंतीण घरी आली त्या संध्याकाळी मधुमतीबाई तोच चुडा घेऊन सुवर्णापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"हिच्या हातात तू भर."

"आई, माझा हात..."

"तुझेही हात असेच सुजले होते गं!" त्यांचा बांध फुटला. "तू दवाखान्यात जाते म्हणालीस, मीच म्हटलं, घरात सण आहे, उद्या जा. आणि जगाला सांगितलं, सुनेनं जपलं नाही! तू एकदाही तोंड का उघडलं नाहीस?"

"बोलून माझं बाळ परत आलं नसतं, आई. यांनी मात्र तुमच्याशी बोलणं टाकलं असतं... घरातलं एक माणूस गेलं होतं, दुसरं घालवायचं नव्हतं मला."

मधुमतीबाईंनी तिला पोटाशी धरलं.

मग सुवर्णानं हर्षालीचा हात हातात घेतला. सूज उतरलेल्या मनगटावर बांगड्या साबणाशिवाय गेल्या. शेवटच्या दोन सुवर्णाच्या हातून घेऊन मधुमतीबाई तिला म्हणाल्या, "आता तुझा हात दे."