श्वासांचा खो-खो

चालतं यंत्र न थांबवता त्याची अक्कल कशी बदलायची? चंद्रावरच्या वसाहतीतल्या दवाखान्यात सगळे याच कोड्यापाशी अडले होते.

शलाकाची बहीण दिवस भरण्याआधीच, घाईघाईने जगात आली होती. मुठीएवढी! श्वासयंत्र तिच्यासाठी हवा आत-बाहेर करायचं. आता तान्हीने छान बाळसं धरलं होतं, पण यंत्राची आज्ञावली (काय, केव्हा करायचं ते सांगणाऱ्या सूचना) अजून मुठीएवढ्या बाळाचीच. श्वास अपुरे पडून तिचे ओठ निळसर दिसू लागले होते. दुसरं यंत्र वसाहतीत नव्हतं.

केतकीआत्या इंजिनिअर होती. तिची नवी आज्ञावली तयार होती, पण ती बसवायला यंत्र बंद करावं लागणार होतं.

“उशिरा आलेला श्वास कितीही बरोबर असला, तरी चुकलेलाच,” आत्या म्हणाली.

आईला बिलगलेली शलाका हळूच म्हणाली, “मग नवीला खो द्या ना. खो-खोत पाठलाग थांबतो का? बसलेला गडी आधीच तयार असतो. खो मिळाला की तो उठतो, आणि जुना तिथेच बसतो. घरी नाही जात.”

आत्याने तिला टपली मारली. “काल खो मिळायच्या आधीच उठलीस, आणि आज मला शिकवतेस होय गं?” पण बोलता बोलता ती कामाला लागलीसुद्धा.

तिने नवी आज्ञावली जुनीच्या शेजारी बसवली. संवेदक (नाडी आणि हवा मोजणारे भाग) दोघींना एकच माहिती देत. उत्तरं दोघी काढत, पण पंप हलवायची फक्त जुनी. नवीची उत्तरं पटली, तेव्हा आत्याने दोन श्वासांमधल्या फटीत खो दिला.

नवी किंचित उशिरा उठली. जुनीने तत्क्षणी खो परत घेतला. तान्ही चुळबुळलीसुद्धा नाही. आईचा श्वास मात्र अडकला होता.

नवी एक हिशेब उगाच दोनदा करत होती. आत्याने तो काढला, पुन्हा तालीम घेतली आणि शलाकाला पुढे केलं. “आता तू दे.”

शलाकाने कळ दाबली. “खो.”

तान्हीची इवली छाती भरून वर आली. पुन्हा आली. पाहता पाहता ओठांवर गुलाबी रंग चढला, आणि आई रडता रडता हसली.

“ही अजून मोठी झाली की?” शलाकाने विचारलं.

“आणखी एक गडी बसवू. आणि एक दिवस यंत्र शेवटचा खो हिलाच देईल. मग हिची धाव हिची.”

तान्हीने शलाकाचं बोट घट्ट धरलं. जणू तयारच होती.