त्याने पुसलं, मी परत आणलं

मुदस्सिर खोत हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते एका खांबावर.

म्हणजे कम्प्युटरमधल्या खांबावर. आमच्या काल्हेरच्या ऑफिसात गोडाऊन आधी कम्प्युटरमध्ये उभं राहतं, खांब, भिंती, फरशी, पाइप सगळं धरून, आणि मग ते साइटवर खरोखर बांधलं जातं. फाइल एकच असते, हात अनेक. एकाने एखाद्या वस्तूला हात लावला की ती त्याच्या ताब्यात जाते. दुसरं कुणी तिला हलवायला गेलं की समोर एक चौकोन येतो. त्या दिवशी मी पूर्णा गावातल्या नव्या गोडाऊनचा कोपऱ्यातला खांब जरा सरकवायला गेले आणि चौकोन आला: ही वस्तू मुदस्सिर खोत यांच्याकडे आहे. परवानगी मागायची का?

कोण हा? आणि माझ्या खांबावर कशाला बसलाय?

मागितली परवानगी. उत्तर नाही. मग वैतागून नकाशाच्या रिकाम्या कोपऱ्यात टाइप केलं, "खांब सोडा. काम अडलंय. — सादिया."

थोड्या वेळाने खाली ओळ उमटली. "जेवतोय. एक हात खरकटा आहे. — मु."

"जेवायला जाताना कुणी खांब बरोबर नेतं का?"

"चांगला असला की सोडवत नाही..."

मी हसले. शेजारच्या पूर्वाने मान वळवून पाहिलं, तेव्हा मी खोकल्याचं नाटक केलं.

आमच्या हरेश सरांचा एक नियम होता. साइटवाल्यांनी आणि ऑफिसवाल्यांनी एकमेकांना परस्पर फोन करायचा नाही. जे काही असेल ते फाइलमध्ये लिहा, नाहीतर सरांना सांगा. फोनवर तोंडी बदल व्हायचे, नंतर मी म्हणालो नव्हतो, तू म्हणाला होतास अशी भांडणं लागायची, म्हणून हा नियम. तेव्हा आम्ही बोलायचो ते त्या कोपऱ्यात. प्रिंट काढायच्या आधी मी सगळं पुसून टाकायचे. एकदाच विसरले, आणि "ईदला शीरखुर्मा मिळणार का?" ही ओळ घेऊन नकाशा थेट सरांच्या टेबलावर गेला. सरांनी चष्मा वर करून विचारलं, "सादिया, हा शीरखुर्मा कुठल्या भिंतीत बसवायचाय?"

तो पूर्णाच्या साइटवर पत्र्याच्या केबिनमध्ये, मी काल्हेरला. मध्ये फक्त रिक्षाचं थोडं अंतर आणि कंटेनरच्या रांगा. तरी त्याचा चेहरा मी पाहिला नव्हता, आवाज ऐकला नव्हता. नंबर मागितला असता तर त्याने नक्की दिला असता. पण मी का मागायचा? अम्मी म्हणते, या पोरीच्या नाकाला सगळं घर सांभाळून असतं. ते खरं आहे. आणि हेही खरं की रोज सकाळी फाइल उघडली की आधी माझी नजर त्या कोपऱ्यात जायची. तिथे काही लिहिलेलं असलं की दिवस बरा जायचा. मला तो आवडायला लागला होता, सरळ सांगायचं तर.

पूर्णाच्या फरशीचं काँक्रीट पडायचं होतं त्या सकाळी कोपरा रिकामा होता.

आणि मागच्या भिंतीचे पाइप गायब होते.

फरशीवर साचलेलं पाणी बाहेर काढायचे ते पाइप. काँक्रीटच्या आधी बसवले तरच बसतात, नंतर फरशी फोडावी लागते. काल्हेरला आम्ही बांधलेल्या जुन्या गोडाऊनच्या फाइलमधून मीच ते उचलून पूर्णाच्या फाइलमध्ये आणले होते. सरांचं म्हणणं असायचं की एकदा काढलेलं पुन्हा कशाला काढायचं? कॉपी करायचं, 'त्याच जागी चिकटव' म्हणायचं, की झालं.

पाइप कुणी काढले ते फाइल सांगते. तिने सांगितलं. काल संध्याकाळी, मुदस्सिर खोत.

मागे हरेश सर उभे आहेत हे मला कळलंच नाही. त्यांनी नाव वाचलं आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. सर ओरडतात तेव्हा भीती नसते, ते हळू बोलतात तेव्हा असते.

"आज काँक्रीट, आणि हा पोरगा पाइप पुसून बसलाय. आजच्या आज साइटवरून काढतो याला."

तो साइटवरून गेला की फाइलमधून त्याचं नाव जाणार. मग मी त्याला शोधणार कुठे? भिवंडीत उभं राहून मुदस्सिर म्हणून हाक मारली तर प्रत्येक लूमच्या दारातून एक जण मान बाहेर काढेल.

"सर, मी परत आणते," मी म्हटलं. "कालची प्रत आहे आपल्याकडे."

बसले. कालची जुनी प्रत उघडली, त्यातले पाइप निवडले, आजच्या फाइलमध्ये आणून त्याच जागी चिकटवले. पण असं परत आणलेल्या वस्तूला फाइल नवीनच समजते. आधीच्या पाइपांना जोडलेली मापं या पाइपांना ओळखत नाहीत. ती सगळी मी एकेक करून हाताने बांधली, पाणीसुद्धा न पिता. मनात एकच होतं... पाइप जागेवर दिसले की सरांचा राग उतरेल, आणि तो राहील.

सरांनी प्रिंट घेतली. "शाब्बास," म्हणाले. मग गाडीची किल्ली उचलली. "चला, आता त्या हिरोला निरोप देऊन येतो."

ते गेले. मी स्क्रीनकडे बघत राहिले, डोळे भरले होते म्हणून सगळं पुसट दिसत होतं. आणि तेव्हाच ते माझ्या ध्यानात आलं. चुकून हात लागून पुसलं गेलं असतं तर अर्धे पाइप गेले असते, शेजारची एखादी भिंत गेली असती. इथे मागच्या भिंतीचे तेवढेच गेले होते. एकही जास्त नाही, एकही कमी नाही. त्याने ते मुद्दाम काढले होते.

का?

कोपऱ्यात लिहिलं, "पाइप का काढले?" पण साइटचं नेट बंद होतं, ओळ तिथे पोहोचत नव्हती. सरांना फोन केला, त्यांनी उचलला नाही. मी ओढणी सारखी केली, पर्स घेतली.

"कुठे गं?" पूर्वा म्हणाली.

"पूर्णाला."

"पाइपांसाठी की...?"

मी तोवर दाराबाहेर पडले होते.

रिक्षा वाटेत अडकली. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. "मॅडम, आगे सब जाम है," रिक्षावाल्याने इंजिनच बंद केलं. पावसाळा तोंडावर आलेला, हवा हलत नव्हती. उतरले. एका पानवाल्याने मागची गल्ली दाखवली. धूळ, डिझेलचा वास, आणि मी त्या उन्हात चक्क धावत होते. काँक्रीट एकदा ओतलं की संपलं, आणि सर एकदा बोलले की तेही संपलं.

गल्ली संपली तिथे घरं लागली. सारवलेली अंगणं, दोरीवर वाळत टाकलेले कपडे. आणि त्यांच्या डोक्यावर, उंच भरावावर, आमच्या गोडाऊनची कमरेएवढी उठलेली मागची भिंत.

मी जागच्या जागी थांबले.

एक बाई अंगणात भांडी घासत होती. माझ्या गळ्यातलं ऑफिसचं कार्ड बघून उठली.

"तू गोडाऊनची हाय का, पोरी?"

"हो."

"मी कमळी. त्या भिंतीतून पानी आमचे अंगनान तं न्हाय ना येनार? काल तुमचा तो मुदस्सिर आलता बघाया. बोलला, मावशी, न्हाय येनार."

काल्हेरच्या गोडाऊनमागे खाडी होती. पाणी खाडीत जायचं, कुणाचं काही बिघडत नव्हतं. तेच पाइप मी इथे त्याच जागी चिकटवले होते, आणि इथे त्या जागेच्या बाहेर कमळीमावशींचं अंगण होतं. आमच्या फाइलमध्ये प्लॉटची हद्द संपली की पुढे पांढरं असतं. मी कधी इथे येऊन बघितलंच नव्हतं. त्याने बघितलं, शब्द दिला, पाइप काढले. आणि मी आज सकाळी एवढ्या मायेने ती चूक परत आणून बसवली होती.

"न्हाय येनार, मावशी," मी म्हटलं आणि पळाले.

गेटात काँक्रीटच्या गाड्या उभ्या होत्या, त्यांचे ड्रम गरगरत होते. आत सळयांच्या जाळीवर एक जण गमबूट घालून उभा होता. समोर हरेश सर, हातात माझी प्रिंट.

"बाजूला हो."

"नाही होणार, सर. पाइप बसले की पाणी लोकांच्या घरात जाईल."

"मग पुसायच्या आधी बोलायला तोंड नव्हतं?"

"काल पाइप काढले तेवढ्यात नेट गेलं, कारण लिहायचं राहिलं. तुमचा फोन लागत नव्हता. आणि ऑफिसला फोन करायचा नाही, हा तुमचाच नियम."

"तू आता मला नियम शिकव! केबिनची चावी ठेव इथे आणि निघ..."

"सर!" मी एवढ्या जोरात ओरडले की गाडीवालेही बघायला लागले. धाप लागली होती, केस सुटले होते. "त्याने बरोबर केलं. चूक माझी आहे. काल्हेरचे पाइप मी न बघता इथे आणले, आणि आज सकाळी दुसऱ्यांदा आणले. मागे येऊन बघा, सर. पाच पावलांवर लोकांची घरं आहेत."

सर गेले. भिंतीवरून वाकून बराच वेळ बघत राहिले. ड्रम गरगरत होते. मी त्याच्याकडे बघत नव्हते, तो माझ्याकडे बघत होता, एवढं मला कळत होतं.

सर परत आले. "उपाय?"

"समोरून सुरू करा," तो म्हणाला. "मागची पट्टी आज सोडून द्या. भिंतीच्या आतून नाली काढून रस्त्याच्या गटाराला जोडू."

"नकाशा संध्याकाळपर्यंत देते," मी म्हटलं.

"तू नाही." सर पुन्हा हळू बोलले. "पूर्वा देईल. पूर्णाची फाइल आजपासून तुझ्याकडे नाही. न बघता चिकटवणाऱ्याला मी ही फाइल देणार नाही." मग त्याच्याकडे वळले. "चावी ठेव खिशात. आणि पुढच्या वेळी काही पुसलंस तर पळत येऊन सांग. नियम गेला खड्ड्यात."

ते गाड्यांना हात करत निघून गेले. काँक्रीट ओतायला सुरुवात झाली.

पहिलं काँक्रीट पायांवर घेतच तो जाळीवरून उतरला. मी मनात उंच, गोरा कुणी तरी रंगवला होता. हा माझ्याएवढाच, उन्हाने करपलेला, कान पुढे आलेले. मला तो पहिल्यापेक्षाही जास्त आवडला, काय करणार!

"सादिया?" त्याने विचारलं. आवाज घोगरा होता.

"नाही, शीरखुर्मा."

तो हसला, मग हसू मावळलं. "माझ्यापायी तुमचं काम गेलं."

"माझ्यापायी तुमचं जाणार होतं. मला वाटलं पाइप परत आणले की तुम्ही राहाल... म्हणून आणले."

"मी राहावं म्हणून?"

मान खाली गेली माझी. त्याने तिथून हलायचं नाव घेतलं नाही. "सादिया, तुमच्याशी भांडल्याशिवाय माझा एक दिवस जात नाही. उद्या फाइल उघडेन आणि तुम्ही नसाल. मग काय करू?"

आता बोलले नाही तर नाक घेऊन आयुष्यभर बसावं लागेल, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"घरी या," मी म्हटलं. "गैबीनगर. फखरुद्दीन लूमवाले विचारलं की कुणीही सांगेल. अब्बांना भेटा. मला तुम्ही हवे आहात, तेही अधूनमधून नाही, कायमचे."

तो तसाच वळून गेटाकडे चालायला लागला.

"अहो, कुठे?"

"गैबीनगरला."

"आत्ता? या बरबटलेल्या बुटांनी?"

त्याने खाली पाहिलं. गुडघ्यापर्यंत ओलं सिमेंट लागलं होतं.

"मग अम्मीला घेऊन उद्या येतो," तो म्हणाला.

"उद्या या," मी म्हटलं. "पण पाय आजच धुवा. हे सुकलं की निघत नाही."