गेटजवळचं तळं

त्या एका पानाने तिचं भलं होणार होतं. औषधं आणि रसायनं बनवणाऱ्या बड्या कंपनीचा पर्यावरण अहवाल ती लिहायची. 'आमच्या शुद्ध केलेल्या सांडपाण्यात मासे सुखाने नांदतात' हे पान दुपारी कंपनी बघायला येणाऱ्या पाहुण्यांना आवडलं, की बढती पक्की!

म्हणून सकाळीच ती गेटजवळच्या, त्याच सांडपाण्याच्या तळ्याचा फोटो काढायला गेली. तिथे गमबूट घातलेला एक तरुण पिशवीतले सोनेरी मासे पाण्यात सोडत होता.

"अहो, हे काय चाललंय?"

"नवी भरती. आधीचे गेले." त्याने बाजूची बादली दाखवली. आत पोट वर केलेले मासे.

"दर वेळी असंच?"

"पाहुणे यायचे असले की. चौकात माझं माशांचं दुकान आहे. तुमची कंपनी म्हणजे माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक."

"मी अहवालात लिहिते मासे सुखाने नांदतात, आणि तुम्ही खुशाल मरायला आणून देता? लाज नाही वाटत?"

"वाटते ना… आणि तुम्हाला, तसं लिहिताना?"

त्या मेल्या तरुणाचे डोळे हसरे होते, म्हणून तर ती आणखीच भडकली!

"हे धरा जरा," म्हणत त्याने शेवटची पिशवी तिच्या हातात दिली. प्लास्टिकमधून एक मासा तिच्या तळव्याला हळूच ढुशी देऊन गेला…

"द्या आता."

"नाही देत! सोडलेलेही बाहेर काढते, ती मासे धरायची जाळी द्या इकडे."

चपला काढून ती पाण्यात उतरली, आणि पोटऱ्या चुरचुरल्या.

"अगं बाई! हेच पाणी नदीत जातं?"

"मी काय हौस म्हणून गमबूट घालतो?" तो म्हणाला, पण दुसरी जाळी घेऊन तिच्या शेजारी वाकला. एकाच माशामागे धावताना दोघांची डोकी आपटली. ती हसली — आणि आपण हसलो म्हणून पुन्हा रागावली.

तेवढ्यात तिचे साहेब आले. "अहो, मासे मरायचेच! पाहुणे जाईपर्यंत तगले म्हणजे झालं."

"मग ते पान तुम्हीच लिहा, साहेब. मी काढून टाकतेय."

साहेबांनी दोघांनाही गेटबाहेरचा रस्ता दाखवला.

"दुकानात काचेची मोठी पेटी रिकामी आहे," वाचवलेल्या माशांच्या पिशव्या सांभाळत चालता चालता तो म्हणाला. "यांना सोडायला… येशील?"

"राग गेलेला नाही माझा."

"असू दे. तोही घेऊन ये."

ती गेली. त्या दिवशी, आणि मग रोजच.

तिची बढतीच काय, नोकरीही बुडाली, त्याचं गिऱ्हाईक तुटलं. पण दोघंही तोट्यात नव्हती. कंपनीने दुपारच्या आत दुसऱ्या दुकानातून पिशव्या मागवल्या, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. किंमत मोजली ती त्या पिशव्यांमधल्या माशांनी.