बादलीपासून कळशीपर्यंत

भोरच्या बाजारपेठेत भांड्यांवर नावं घालण्यात गोरखचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याच्या यंत्राखालून तालुक्यातली लग्नं, बारशी, वास्तुशांती, वर्षश्राद्धं सगळी गेली होती. स्वतःचं लग्न तेवढं राहिलं होतं.

एका दुपारी विंझरची शेफाली स्टीलचा पेला घेऊन आली.

"यावर ‘कोप्पु’ घाला."

"कुणाचं नाव?"

"पेल्याचं."

गोरखनं मान वर केली... आणि मग ती खाली यायला तयार होईना.

शेफाली नर्सिंग शिकलेली. म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला तीन वर्षं जपानला जायचं होतं. त्याआधी भाषेची परीक्षा. वहीतले शब्द डोक्यात राहत नव्हते, म्हणून ती ते भांड्यांवरच घालून घेत होती.

पुढच्या आठवड्यात चमचा आला – सुपून. मग सुरी – नाइफु. मग बादली – बाकेत्सु.

"ही तर इंग्रजी बकेट," गोरख म्हणाला.

"व्हय. त्यांनी घेतली आणि आपल्या तोंडाला बसवली. आणि पावाला ते ‘पान’ म्हणत्यात. आपल्याकडं पाव आणला ना पोर्तुगीजांनी, त्यांनीच तिकडंबी नेला."

सारोळ्याच्या पुलापलीकडं गोरखचं फारसं जाणं नव्हतं, आणि इथं एक साधा पाव समुद्रामागून समुद्र ओलांडून गेलेला... त्यानं बादलीवर हळूच बोटं फिरवली, देवळातल्या घंटेवर फिरवावीत तशी. मग त्यानं शेफालीकडं पाहिलं. हीसुद्धा तितक्याच लांब जाणार.

"तुमी पास होणार," तो म्हणाला. आवाजात आनंद घालायचं तेवढं राहून गेलं.

ती पास झाली. निघायच्या आधल्या आठवड्यात नवी कळशी घेऊन आली.

"आता जपानी नको. आईसाठी हाय. नुसतं माझं नाव घाला."

यंत्र घुरघुरलं. बारा वर्षं बायकांच्या नावापुढं मालकांचं नाव घालत आलेला तो हात – तो थांबलाच नाही. कळशीवर उमटलं : शेफाली गोरख.

गोरखनं घाईघाईनं अक्षरांवर अंगठा घासला.

"पुसता येतं?" तिनं शांतपणे विचारलं.

"न्हाई... दुसरी कळशी देतो."

"राहू द्या."

"आणि... तीन वर्षं?" त्यानं कळशीलाच विचारलं.

"तुमीच म्हणालात की, पुसत न्हाई." तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं. "फक्त रविवारी कळशी तुमी स्वतः घरी घेऊन या. मी दाखवली, तर आईला वाटंल परीक्षेचाच शब्द हाय."