कायमचं बंद

आलापल्लीच्या बाजारात आकिबचं वेबसाइट बनवायचं दुकान होतं. गूगलवर कोणाला वर चढवायचं अन् कोणाला खाली ढकलायचं, यात पठ्ठ्या वस्ताद. गिऱ्हाईक खूश, बाकी दुनिया गेली खड्ड्यात!

त्यानं हाडांच्या एका नव्या दवाखान्याचं काम घेतलं. पण लोक गूगलवर शोधायचे ते बायनाबाईला. ही जंगलाकाठची म्हातारी मोडलेलं हाड बसवून बांबूच्या कामट्यांनी बांधायची. तिच्याकडे साधा फोनसुद्धा नव्हता. बऱ्या झालेल्यांनीच तिचं घर नकाशावर टाकलेलं.

आकिबनं दवाखान्याच्या पानावर पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत तिचं नाव भरलं. माणसाला दिसत नाही, गूगलला दिसतं; तिला शोधलं की दवाखानाच वर यायचा. मग खोट्या खात्यांवरून नकाशावर तिच्या घरापुढे लिहिलं, 'कायमचं बंद'. लोकांना वाटलं, म्हातारी गेली. ते दवाखान्याकडे वळले.

उन्हाळ्यात कोणाकडून तरी कळलं म्हणून ती स्वतः दुकानात आली.

"बाबू, मी जित्ती आहो. काऊन बंद लिवलं?"

ते गूगलच करतं, असं तो मान वर न करता म्हणाला. कसला निगरगट्ट माणूस!

म्हातारी त्याच्या उजव्या मनगटाकडे बघत राहिली.

"बरं. तुहं मोडन तवा कोन बांधन?"

पोळ्याच्या आधी ती गेली. दाराशी कोणी फिरकत नव्हतं; उपाशीच गेली म्हणतात.

दिवाळीनंतर आकिबचंच दुकान नकाशावर 'कायमचं बंद' दिसायला लागलं. त्यानं दुरुस्त केलं, चहा पिऊन आला, तर परत तेच. गिऱ्हाइकं दारापर्यंत यायची, फोन बघायची अन् उघड्या शटरसमोरून परत जायची. हाका मारल्या तरी वळायची नाहीत. मग चहावाल्यानं कप देणं सोडलं. घरी त्याची बायको निशात एकच ताट वाढायला लागली. तो जाम घाबरला.

एका भर दुपारी निशात दुकानात आली. डोळे रडून सुजलेले, हातात कुलूप.

तो समोरच बसला होता. त्यानं तिला नावानं हाक मारली.

तिनं शटर खाली ओढलं.

तो धावला. वायरीत पाय अडकून उजव्या हातावर आपटला. मनगट कटकन वाजलं.

बाहेर कुलूप लागलं.

अंधारात फोन आपोआप उजळला. 'बायनाबाई, हाड बसवणारी. सध्या सुरू आहे. अंतर शून्य मीटर.'

टेबलामागून ओल्या बांबूचा वास आला. तिथं कोणीतरी सावकाश कामट्या तासत होतं.